आईच्या भाषेचा वास

इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांविषयी लिहिण्याचा तुम्हाला काय अधिकार, असे कुणी विचारले तर माझ्यापाशी उत्तर नाही. मी वाणिज्य शाखेचा माणूस. चौतीस वर्षे बँकेत काढली आणि त्यांतील बरीच वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेली इंग्रजी कागदपत्रे तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर आमच्या गावच्या बोर्डिंगमधील मुलांना बँकांच्या भरती परीक्षांसाठी आठवड्यातून दोनदा मार्गदर्शन करतो. एवढाच काय तो या विषयाशी माझा संबंध. पण या मुलांमध्ये बसल्यावर जे दिसते, ते मांडल्याशिवाय राहवत नाही.

शिरोळ, जत, अथणी अशा भागांतून ही मुले येतात. अंकगणितात आणि तर्कचाचणीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. इंग्रजीच्या लेखी प्रश्नपत्रिकेतही ती तरून जातात. परंतु मुलाखतीच्या सरावाला समोर बसवले आणि स्वतःविषयी इंग्रजीत दोन वाक्ये सांगा म्हटले, की ओठ मिटतात. शब्द ठाऊक नसतात असे नाही. कागदावर लिहून द्या म्हटले तर तोच मुलगा दहा ओळी लिहून देतो. एकाला मी जवळ बसवून विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “सर, बोलाय गेलं की हसत्यात.” कोण हसतात, असे विचारल्यावर त्याने आधी वर्गातल्या मुलांचे नाव घेतले आणि मग जरा थांबून शिक्षकांचे.

आता माझ्या भाचीची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी शिवाजी विद्यापीठातून इंग्रजी विषयात एम.ए. झाली, मग बी.एड. झाली. संपूर्ण शिक्षण मराठी माध्यमातून. एका मोठ्या शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिने अर्ज केला. लेखी परीक्षेत ती पहिली आली. पाठ घेऊन दाखवायचा होता, तोही तिने घेतला. आठ दिवसांनी नकार आला. ती घरी आली तेव्हा मी विचारले, “व्याकरणात काही चुकलं का गं?”

“नाही मामा. चुकलं असं कुणीच म्हणालं नाही. एमटीआय जास्त आहे म्हणाले.”

बँकेत असंख्य आद्याक्षरे पाठ केली. हे मात्र ऐकले नव्हते. “म्हणजे काय?”

“मदर टंग इन्फ्लुएन्स. आईच्या भाषेचा वास येतोय म्हणं माझ्या इंग्रजीला.”

हा शब्द कॉल सेंटरांच्या प्रशिक्षणवर्गांतून आला, असे तिनेच मला सांगितले. रात्रभर जागून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाशी बोलायचे असेल तर त्याच्या कानाला सवयीचा उच्चार हवा, हे समजण्यासारखे आहे. तो व्यवहार आहे. पण सातवीच्या वर्गात बसलेली मुले मराठी, गुजराती, मारवाडी घरांतली, शिकवणारी मराठी घरातली आणि मुलाखत घेणारेही, तिच्या सांगण्याप्रमाणे, आपल्याच बाजूचे! त्या खोलीत एकही इंग्रज नव्हता. मग वास नेमका कुणाच्या नाकाला आला?

ही वृत्ती नवी नाही. १९७० साली मी पाचवीत गेलो, तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. (पहिलीपासून ते महाराष्ट्रात २००० साली आले.) आमचे गुरुजी अत्यंत कष्टाळू. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांना तोंडपाठ होती. व्याकरणाचे नियम त्यांनी असे घोटून घेतले, की आजही क्रियापदाचा काळ चुकलेला दिसला तर माझी पेन्सिल आपोआप उचलली जाते. पण उच्चाराची वेळ आली, की या विद्वान माणसाचा आवाज खाली जाई. “खरा उच्चार साहेबाचाच. आपल्याला तो यायचा नाही,” असे ते वर्षातून दहा वेळा म्हणत. त्यांनी आयुष्यात साहेब पाहिला होता की नाही, देव जाणे. आपल्याजवळ आहे ते खोटे नाणे आहे आणि खरे नाणे दूर कुठल्या तरी तिजोरीत आहे, या समजुतीने त्यांनी तीस वर्षे शिकवले. मुलांना कमी लेखावे असा त्यांचा स्वभावच नव्हता. ते स्वतःलाच कमी लेखत, आणि ते आमच्यापर्यंत आपोआप झिरपले.

शिवाय ही सवय त्यांना इंग्रजीने लावली नव्हती. ती आधी मराठीने लावली होती. आमच्या भागात ‘मी गेलतो’, ‘काय करालायस’, ‘जेवलासा काय’ असे बोलतात. शेजारच्या कानडीचे वळण आमच्या मराठीत सर्रास मिसळलेले आहे. शाळेत पाऊल टाकल्याबरोबर हे सारे ‘अशुद्ध’ ठरले. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात उभे करून दहा वेळा म्हणायला लावत. घरी आई जे बोलते ते अशुद्ध आणि पुस्तकात छापलेले ते शुद्ध, ही वाटणी सहाव्या वर्षीच पक्की झाली. पुढे इंग्रजी आले तेव्हा जुन्याच चौकटीत नवा विषय बसवला, एवढेच.

या बाबतीत आपल्या परंपरेला एक जुना अनुभव आहे. तो इथे सांगितला तर अस्थानी होणार नाही. पतंजलीने महाभाष्यात गायीचे उदाहरण देऊन म्हटले आहे, की शुद्ध शब्द एक आणि त्याचे अपभ्रंश पुष्कळ. आणि त्या अपभ्रंशांत त्याने ‘गावी’, ‘गोणी’ असे शब्द दाखवले आहेत. ज्यांना त्याने भ्रष्ट म्हटले ते शब्द प्राकृतात राजरोस नांदत होते. आपली ‘गाय’ही त्यांच्याच गोतावळ्यातली. भगवान महावीरांचा उपदेश अर्धमागधीत, म्हणजे लोकांच्या बोलीत झाला, हे आपण पाठशाळेत शिकतो. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो आणि स्त्रिया व सेवक प्राकृत बोलतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. अकराव्या शतकातील टीकाकार नमिसाधूंनी तर सरळ सांगितले, की प्राकृत ही लोकांची स्वाभाविक वाणी आणि संस्कृत हे तिच्यावर झालेले संस्करण. पुढे बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी प्राकृताचा उगम संस्कृतातच मानला, हा मतभेद आहेच. परंतु त्याच हेमचंद्रांनी आपल्या व्याकरणाचा आठवा अध्याय प्राकृतांना दिला आणि त्यात अपभ्रंशाचेही नियम लिहिले. जिचे नावच ‘बिघडलेली’ असे पडले होते, त्या भाषेला नियम आहेत, हे त्यांनी सूत्रे रचून दाखवले. बिघाडाला नियम नसतात. नियम सापडले, की तिला भाषा म्हणावे लागते.

इंग्रजीच्या बाबतीत असेच काम ज्यांनी केले, त्यांत ब्रज काचरू यांचे नाव पुढे येते. श्रीनगरला जन्मलेले हे काश्मिरी पंडित अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. २०१६ साली वारले. जगातील इंग्रजीची त्यांनी तीन वर्तुळे कल्पिली: आतले वर्तुळ इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांचे, त्याबाहेरचे भारत, सिंगापूर, नायजेरिया अशा, इंग्रजी वसाहतीतून आलेल्या आणि ते देशांतर्गत व्यवहारात वापरणाऱ्या देशांचे, आणि सर्वांत बाहेरचे चीन-जपानसारख्या, परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांचे. मधल्या वर्तुळातील लोकांचे इंग्रजी हे फसलेले अनुकरण मानू नये, ती स्वतःचे नियम असलेली रूपे आहेत, असे त्यांचे म्हणणे.

या काचरूंनी १९७६ साली प्रसिद्ध केलेली एक पाहणी मला फार बोलकी वाटते. भारतातील इंग्रजीचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक यांना त्यांनी विचारले, की शिकवण्यासाठी आदर्श कोणता असावा? दोन्ही गटांतील सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी ब्रिटिश इंग्रजीला कौल दिला. पण विद्यार्थ्यांना जेव्हा विचारले, की तुम्ही स्वतः कोणते इंग्रजी बोलता, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी ‘भारतीय’ असे उत्तर दिले. म्हणजे बोलायचे एक आणि पुजायचे दुसरे. आमच्या गुरुजींचे मन या आकड्यांत मला स्वच्छ दिसले.

खरे तर आपल्याकडे १९५८ सालीच हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनासाठी मध्यवर्ती संस्था निघाली होती. तिथे आर. के. बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी इतरांना कितपत समजते, याचा पद्धतशीर अभ्यास केला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. सुशिक्षित भारतीयाचा सर्वसाधारण उच्चार कसा असतो, त्याचे ध्वनी कोणते, याची मांडणीही तिथे १९७२ च्या सुमारास झाली. एवढे असूनही शाळांतले चित्र फारसे बदलले नाही. संशोधन हैदराबादेत राहिले आणि साहेबाचा उच्चार आमच्या गावात राहिला, जिथे साहेब कधी आलाच नव्हता.

आता माझ्या स्वतःच्या क्षेत्राकडे वळतो, कारण खात्रीने बोलता येईल असे मला तेवढेच आहे. इचलकरंजीच्या शाखेत असताना कापडाच्या निर्यातीची कागदपत्रे माझ्याकडे येत. लेटर ऑफ क्रेडिटच्या व्यवहारात बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते. बीजक, जहाजाची पावती, विम्याचा दाखला हे सारे पतपत्रातील अटींशी जुळले तर पैसे, नाही तर ‘डिस्क्रिपन्सी’. एवढ्यातेवढ्या स्पेलिंगवरून परदेशी बँकांनी कागद परत पाठवल्याच्या आणि निर्यातदाराचे लाखो रुपये अडकल्याच्या तक्रारी त्या काळी सतत कानावर येत.

हे वाद मिटावेत म्हणून पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने कागद तपासण्याच्या प्रथांचे पुस्तक काढले. त्याची २०१३ ची आवृत्ती, क्रमांक ७४५, पुढे बरीच वर्षे बँकांत प्रमाण मानली जात असे. त्यातला एक नियम प्रत्येक भाषाशिक्षकाने वाचावा असे मला फार वाटते. स्पेलिंगची किंवा टंकलेखनाची जी चूक शब्दाचा किंवा वाक्याचा अर्थ बदलत नाही, तिच्यामुळे कागद सदोष ठरत नाही, असे तिथे म्हटले आहे. उदाहरणेही दिली आहेत: ‘मशीन’ या शब्दात ‘सी’च्या जागी ‘एस’ पडला, ‘फाउंटन पेन’मधला ‘आय’ गळाला, ‘मॉडेल’मधील शेवटची दोन अक्षरे उलटसुलट झाली, तरी चालेल. मात्र ‘मॉडेल ३२१’ च्या जागी ‘मॉडेल १२३’ असे लिहिले तर चालणार नाही. कारण तिथे वस्तूच वेगळी होण्याची शक्यता आहे.

जगभरचे व्यापारी, कोरियाचे, ब्राझीलचे, तुर्कस्तानचे, बहुतेकांची इंग्रजी मातृभाषा नव्हे, असे सारे या एका कसोटीवर कोट्यवधी डॉलरचे व्यवहार करतात. अर्थ पोचला की नाही? वस्तू तीच राहिली की बदलली? इतका व्यवहार ज्या कसोटीवर चालतो, ती वर्गात का चालू नये, हा प्रश्न मला पडतो. आमच्या शाळेत ‘फाउंटन’मधला ‘आय’ गळाला तर पाच छड्या होत्या.

बँकेतील इंग्रजी हा तर स्वतंत्र विषय होईल. ‘काइंडली डू द नीडफुल’ हे वाक्य मी किती हजार वेळा लिहिले असेल याची मोजदाद नाही. प्रशिक्षण केंद्रात एक व्याख्याते आले होते. त्यांनी हे वाक्य फळ्यावर लिहून त्यावर फुली मारली आणि सांगितले, की असे लिहाल तर इंग्लंडमध्ये हसतील. जुन्या काळच्या इंग्रजांच्या सरकारी आणि व्यापारी पत्रांतूनच ते आपल्याकडे आले, हे त्यांनी सांगितले नाही. मालकाने टाकले, कारकुनाने जपले. आणि इंग्लंडला आम्ही पत्र लिहितोच कशाला? माझी पत्रे कोइमतूरला जात, गुवाहाटीला जात. तिथला अधिकारी ‘नीडफुल’ वाचून नेमके जे करायला हवे ते करून टाकत असे. तीन वर्षे मी तमिळनाडूत होतो. तिथल्या सहकाऱ्याचे इंग्रजी तमिळ वळणाचे, माझे मराठी वळणाचे. पहिले पंधरा दिवस दोघेही एकमेकांना पुन्हा सांगायला लावत होतो. नंतर त्याची गरजच पडली नाही. नोकरीच्या चौतीस वर्षांत इंग्रज माणसाशी समोरासमोर बोलण्याचा प्रसंग मला दोनदा आला. इंग्रजीत बोलण्याचे मात्र रोज. रिझर्व्ह बँकेच्या इंग्रजी अहवालांतही ‘लाख कोटी’ असेच लिहितात आणि त्यावाचून कुणाचे अडत नाही. ‘प्रीपोन’ हा आपला शब्द तर ऑक्सफर्डच्या कोशात भारतीय म्हणून जाऊन बसला आहे.

तरीही ‘सगळे चालते’ असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. पंधराच्या जागी पन्नास ऐकू आले तर बँकेत काय होते ते मला ठाऊक आहे. बन्सल यांच्या अभ्यासात जे आढळले त्यातही मुख्य अडचण निघाली ती शब्दातील आघाताची. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर आणि ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, तो भलतीकडे गेला की ऐकणारा गोंधळतो. आपण सर्व अवयव सारखेच ठाशीव उच्चारतो, जसे मराठीत. दुसरी गंमत ‘प’ची. इंग्रज शब्दारंभीचा ‘प’ हवेच्या झोताने, जवळजवळ ‘फ’सारखा काढतो; त्यामुळे आपला स्वच्छ मराठी ‘पेन’ त्याला ‘बेन’ वाटण्याचा संभव असतो. या गोष्टी शिकवायलाच हव्यात. पण माझ्या पाहण्यात एकाही शाळेत त्या शिकवल्या गेल्या नाहीत. तिथे भर कशावर? तर जीभ दातांत धरून ‘थ’ काढण्यावर. जेनिफर जेन्किन्स या इंग्लंडमधल्याच विदुषीने २००० साली लिहिलेल्या पुस्तकात दाखवले, की निरनिराळ्या देशांचे लोक आपसांत इंग्रजी बोलतात तेव्हा हा ‘थ’ नीट न आल्याने समजण्यात अडथळा येत नाही. स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घ आणि वाक्यातला आघात चुकला तर येतो. जे अडत नाही त्यावर छडी आणि जे अडते त्याकडे दुर्लक्ष, अशी आपली पद्धत. तपासनीस म्हणून माझ्या हाताखाली असा कारकून असता तर मी त्याची बदली मागितली असती.

या वृत्तीची झळ घराघरांत कशी लागते, ते सांगतो. माझी सौभाग्यवती बी.ए. आहे. नात पुण्याला इंग्रजी शाळेत दुसरीत शिकते. सुट्टीत आली की आजी तिला इंग्रजी गोष्टींची पुस्तके वाचून दाखवी. दोन वर्षांपूर्वी नातीने मध्येच थांबवून सांगितले, “आजी, ‘व्हेजिटेबल’ नाही म्हणायचं. आमच्या मिस म्हणतात, असं म्हणणारे अनएज्युकेटेड.” पोरीचा त्यात काही दोष नाही; शाळेत ऐकलेले तिने घरी म्हणून दाखवले. पण त्या दिवसानंतर आजीने इंग्रजी पुस्तक हातात घेतलेले नाही. आता ती मराठी गोष्टी सांगते, त्याही छान असतात. तरी कपाटातली ती पाच-सहा रंगीत पुस्तके पाहिली, की मला त्या मिसना एकदा भेटावेसे वाटते. गौरी शिंदे यांचा २०१२ चा श्रीदेवीचा चित्रपट पाहताना सभागृहातल्या बायका डोळे का पुसत होत्या, ते मला आत्ता नीट कळले.

भाचीकडे परत येतो. पवित्र पोर्टलमार्फत तिला ग्रामीण भागातील एका माध्यमिक शाळेत नेमणूक मिळाली आणि तिथे ती रमली आहे. दिवाळीत तिच्याकडे गेलो असता सहज तिने तपासलेल्या वह्या चाळल्या. एका मुलीने लिहिले होते, ‘आय ॲम हॅव्हिंग टू ब्रदर्स’. त्याखाली तांबडी रेघ आणि अर्धा गुण कापलेला. मी म्हणालो, “अगं, अर्थ पोचला की. भाऊ दोनच राहिले. माझ्या नियमाप्रमाणे हा कागद पास आहे.”

ती हसली नाही. म्हणाली, “मामा, तुमच्या बँकेचा नियम चांगला आहे. पण कागद पास करणारे तुम्ही होता. माझ्या पोरींचा कागद उद्या कोण तपासणार? ज्यांनी मला परत पाठवलं, तेच ना? मी इथं रेघ मारली नाही तर तिथं त्या मारतील, आणि अर्ध्या गुणावर भागायचं नाही. तुम्ही पेन्शनीत आहात, तुम्हाला सगळ्या भाषा सारख्या दिसणारच.”

मला उत्तर सुचले नाही. लंडनचे थोर व्याकरणकार रॅन्डॉल्फ क्वर्क यांनी १९९० साली काचरूंच्या विचाराला विरोध केला, तेव्हा त्यांचा मुद्दा जवळजवळ हाच होता. प्रमाण इंग्रजीने कुठली दारे उघडतात हे गरिबाच्या मुलाला चांगले ठाऊक असते. आणि ते इंग्रजी ज्यांच्या गाठीशी आहे त्यांनीच प्रमाणभाषेचा आग्रह सोडा म्हणावे, हे त्यांना सोपे जाते, असे क्वर्क यांचे म्हणणे. काचरूंनी पुढच्याच वर्षी त्यांना उत्तर दिले, की भारतासारख्या देशांत इंग्रजी प्रत्यक्षात कसे आणि कुणामध्ये वापरले जाते याचा विचारच तुम्ही करत नाही. ते दोघे मोठे विद्वान, वाद नियतकालिकात झाला. इथे तोच वाद वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी चालला होता, आणि जिला उच्चारावरून नाकारले तीच क्वर्कच्या बाजूने बोलत होती.

थोड्या वेळाने मी एवढेच विचारले, की तांबडी रेघ मारताना तू त्या मुलीला काय सांगतेस? हे चूक आहे असे, की परीक्षेत हे असे लिहितात असे? ती विचारात पडली. या दोन वाक्यांत मला मोठा फरक वाटतो. पहिल्या वाक्याने मुलीची जीभ खोटी ठरते. दुसऱ्याने तिला फक्त एका दाराची किल्ली कळते. लग्नाला जाताना वेगळे लुगडे नेसतात, तसे. घरातले लुगडे त्यामुळे फाटके ठरत नाही. आमच्या गुरुजींनी आम्हाला ‘पाणी’ म्हणायला लावले याबद्दल माझी तक्रार नाही, मला त्याचा उपयोगच झाला. पण आमची आई ‘पानी’ म्हणते म्हणून ती अडाणी, हे त्यासोबत शिकवण्याची गरज नव्हती.

बाहेरच्या जगात निदान कागदोपत्री वारा बदललेला दिसतो. भाषेच्या पातळ्या ठरवणारी युरोपीय मंडळाची जी चौकट आहे, तिच्या २०१८ च्या पुरवणीत उच्चाराची मोजपट्टी नव्याने लिहिली आणि ‘नेटिव्ह स्पीकर’ हा मापदंड तिथून काढून टाकला. परदेशी शिक्षणासाठी आपली मुले जी आयईएलटीएस परीक्षा देतात, तिच्या वरच्या श्रेणीतही मातृभाषेची छाप असण्याला हरकत नसते. समजण्यात अडथळा नसला म्हणजे झाले. म्हणजे ज्यांची भाषा, त्यांनी वास घेण्याचे जवळपास थांबवले आणि आम्ही मात्र अजून नाक उडवतो आहोत. भाचीला हे सांगितले तेव्हा तिला ते नवीन होते. बी.एड.च्या अभ्यासात कुणी सांगितले नाही म्हणाली.

पुढच्या महिन्यात तिच्या शाळेत इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा आहे. परीक्षक म्हणून तिने मला बोलावले आणि गुणपत्रक आधी पाठवून दिले. विषयाची मांडणी तीस, भाषा तीस, धीटपणा वीस आणि ‘उच्चार’ वीस. मी फोन करून विचारले, की या शेवटच्या रकान्यात मी नेमके काय मोजायचे? ती म्हणाली, “तुम्हीच सांगा, मामा.” बराच वेळ आमचे बोलणे झाले. शेवटी ‘उच्चार’ खोडून तिथे ‘मागच्या बाकावर ऐकू आले का, आणि कळले का’ असे लिहायचे ठरले, आणि ते पाहण्यासाठी आठवीतल्या दोन मुलींना मागच्या बाकावर बसवायचे. नवे गुणपत्रक तिने मुख्याध्यापकांकडे दिले आहे. त्यांची सही अजून व्हायची आहे.